एकेरी दराची संध्याकाळ

माझे काका भोसरी एमआयडीसीत जॉबवर्कचं वर्कशॉप चालवतात. सहा सीएनसी, चार व्हीएमसी आणि २२ माणसं. आत्या त्यांची थोरली बहीण. पिंपरीतल्या एका मोठ्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात तिची अख्खी नोकरी मस्टर, पंचकार्डं, रजा आणि ओटीचे तक्ते तपासण्यात गेली. काका तिला अक्का म्हणतात आणि तिच्यासमोर अजूनही आवाज चढवत नाहीत. दिवाळीच्या बोनसवरून निघालेलं बोलणं ओटीवर आलं आणि तिथेच अडलं. दोघांचं म्हणणं जवळजवळ त्यांच्याच शब्दांत इथे मांडते आहे. चाकण, वाळूज, सातपूर, कुठेही गेलात तरी हा वाद आहेच, पण दोन्ही बाजूंनी समोरासमोर बसून तो फारसा होत नाही.

काका : अक्का, ओटी मी कुणावर लादत नाही. साडेचारला शिफ्ट सुटायच्या आधी पोरंच विचारतात, ‘शेठ, आज थांबायचं का?’ थांबले तर दोन तासांचे पैसे देतो, वर चहा-वडापाव देतो. यात अन्याय कुठे आला?

आत्या : तासाचे किती देतोस?

काका : पगाराच्या हिशेबानं पडतात तेवढे. बेसिक आणि डीए मिळून १५,६०० रुपये, २६ दिवस. म्हणजे रोजाचे ६००, तासाचे ७५.

आत्या : म्हणजे सिंगल.

काका : सिंगलच. आमच्या गल्लीत डबल ओटी देणारा एक शेठ दाखव मला.

आत्या : गल्ली देत नाही म्हणून कायदा बदलत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं ५९ वं कलम मी आयुष्यभर वापरलंय. दिवसाला नऊ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर काम घेतलं, की नेहमीच्या दराच्या दुप्पट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही दर दुप्पटच ठेवलाय.

काका : तूच म्हणालीस, नऊ तास. माझी शिफ्ट आठ तासांची. मग नववा तास ओटीत कसा धरायचा?

आत्या : आठ तास, सहा दिवस, किती झाले? अठ्ठेचाळीस. आठवडा तिथेच भरला. ज्यानं सहाही दिवस भरलेत त्याचा नववा तास आठवड्याच्या हिशेबात जादाच. ही पळवाट आमच्याकडे दर दोन वर्षांनी कुणीतरी नवा मॅनेजर शोधून काढायचा.

काका : बरं, कायदा तुझ्या बाजूनं. मी व्यवहाराचं बोलतो. मी कुणाचा पगार बुडवत नाही, सात तारीख चुकवत नाही. ओटी ही पोरांची वरकमाई आहे. ती मिळते म्हणून त्यांची घरं चालतात. उद्या डबल कर म्हणालीस तर मी ओटीच बंद करीन. मग त्या घरांत काय येणार? ना सिंगल, ना डबल.

काकांच्या सगळ्या बोलण्यात हा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटला. कागदावर दर दुप्पट झाला आणि तास शून्यावर आले, तर घरात येणारा पैसा कमीच होतो. आत्यानंही तो उडवून लावला नाही. तिनं उत्तरासाठी एक घर पुढे केलं.

आत्या : तुझ्याच एका ऑपरेटरच्या घरचं सांगते. कोण ते विचारू नकोस.

काका : का विचारू नको? माझाच माणूस आहे ना?

आत्या : म्हणूनच. तक्रार त्यानं केलेली नाही. त्याची बायको आमच्या भिशीत आहे. दोन महिने हप्ता चुकला, म्हणून मी घरी गेले. भिंतीवर कालनिर्णय होतं, आणि त्याच खिळ्याला खाली मागच्या वर्षीचं. दुधाचा हिशेब राहतो म्हणून तिनं जुनंही काढलं नव्हतं. चौकटीत दुधाचा खाडा, गॅसची टाकी लावली त्या तारखेला गोल, आणि निळ्या शाईत ‘ओ २’. म्हणजे दोन तास ओटी. मागच्या वर्षी तो ठेकेदारामार्फत एका मोठ्या कारखान्यात होता. पगार जवळपास एवढाच, पण ओटी डबल आणि पगाराच्या पावतीवर. त्या कॅलेंडरात ‘ओ २’ महिन्यातून आठ-नऊ वेळा. तुझ्याकडे आल्यापासून सतरा-अठरा वेळा. आणि महिन्याखेरीस हातात येणारी ओटी दोन्हीकडे तेवढीच, २,७०० च्या आसपास.

काका : मग घरात फरक काय पडला? पैसे तर तेवढेच आले.

आत्या : ओटीचे तेवढेच आले. जुन्या कॅलेंडरात दर महिन्याच्या पाच तारखेला ‘पो’ लिहिलेलं होतं. नव्यात ते नाही. मी विचारलं, ‘पो’ म्हणजे काय? म्हणाली, पोळ्यांचे पैसे. संध्याकाळी साडेपाच ते सात ती दोन घरी पोळ्या करायला जायची. दोन्ही घरचे मिळून तीन हजार. नवरा घरी आला की चार वर्षांच्या पोरीला त्याच्याकडे सोपवून निघायची. ओटी असेल त्या दिवशी शेजारीण पोरीला सांभाळायची. महिन्यातून आठ-नऊ दिवस शेजारीण सांभाळते, अठरा दिवस नाही सांभाळत. एक घर सुटलं, मग दुसरंही सुटलं.

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं ते मलाही विचारायचं होतं.

काका : मग त्यानं ओटी सोडून द्यायची. बायकोचे तीन हजार आणि संध्याकाळ मोकळी. हिशेब सरळ आहे.

आत्या : सोडेल कसा? तुझा सुपरवायझर सात महिन्यांनी ब्रेक देताना कुणाला परत बोलवायचं ते कशावरून ठरवतो? ‘थांबणारा’ आणि ‘न थांबणारा’ अशा दोन याद्या त्याच्या डोक्यात आहेत. साडेचारला पोरं तुझ्याकडे येऊन विचारतात ते याच यादीपायी. लेखी संमती घेऊन ओटी द्यायची म्हणतात ना आता, ती संमतीही अशीच मिळणार.

यात थोडा खुलासा हवा. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यांतल्या रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याचा निर्णय घेतला. त्यात कामगाराच्या लेखी संमतीची अट आहे. संमती ही चांगली गोष्ट आहे. पण ज्याची नोकरी दर सात महिन्यांनी तुटते, त्याच्या सहीला संमती म्हणायचं का, याचं उत्तर त्या निर्णयात मला सापडलं नाही.

काका : ठीक आहे, ते घर तुझं खरं. पण माझं घरही बघ. ज्या कंपनीला मी पार्ट देतो, तिचा परचेसवाला दर वर्षी दर कमी करून मागतो. मटेरियल वाढलं तरी कॉस्ट डाऊन, वीज वाढली तरी कॉस्ट डाऊन. शेड्यूल सोमवारी येतं, माल शनिवारी पाहिजे. नाही पोचला तर लाइन थांबल्याचा डेबिट माझ्या नावावर. आणि पैसे? नव्वद दिवस. कायद्यानं पंचेचाळीस दिवसांत द्यायला पाहिजेत.

आत्या : कुठल्या कायद्यानं?

काका : एमएसएमई कायदा, २००६ चा. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. आणि २०२४ पासून आयकरातही बसवलंय, वेळेत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी खर्च धरू देत नाहीत. त्यामुळे हल्ली दोन कंपन्या तरी वेळेवर देतात.

आत्या : बघ, तुला तुझा कायदा कलमासकट पाठ आहे. तुझे पैसे दुसऱ्यानं आपल्या सोयीसाठी वापरले, तर त्याला ते महाग पडलं पाहिजे, म्हणून तिप्पट व्याज. तसाच त्या पोराचा वेळ तू आपल्या सोयीसाठी वापरलास, तर तुला तो महाग पडला पाहिजे, म्हणून दुप्पट दर. व्याज लागायला लागलं तेव्हा कंपन्या वेळेवर द्यायला लागल्या असं तूच म्हणतोस.

काका : त्या कंपन्यांकडे पैसा आहे, अक्का. माझ्याकडे दोन मशीनचे हप्ते आहेत.

आत्या : वही दे इकडे.

पुढचा अर्धा तास दोघं आकडेमोड करत होते. ती मी इथे थोडक्यात देते, कारण दुप्पट दराचं कारण मला त्या वहीत पहिल्यांदा नीट कळलं. काकांकडे दहा जण ओटी करतात, प्रत्येकी महिन्याला साधारण ३६ तास. एकूण ३६० तास. एकेरी दरानं त्याचे २७,००० रुपये होतात. एवढं काम दोन नव्या माणसांकडून करून घ्यायचं तर नुसता पगारच ३१,२०० रुपये, आणि पीएफ, ईएसआय, बोनस, रजा धरून चाळीस हजारांच्या वर. म्हणजे एकेरी ओटीत जुन्याच माणसाला थांबवून घेणं नवा माणूस ठेवण्यापेक्षा स्वस्त पडतं. दिवसभर उभं राहून थकलेल्या माणसाचा दहावा तास ताज्या माणसाच्या पहिल्या तासापेक्षा स्वस्त! हिशेबच असा असेल, तर कुठलाही मालक माणूस वाढवणार नाही. दुप्पट दरानं तेच ३६० तास ५४,००० रुपयांना पडतात आणि पारडं फिरतं. ओटी तेव्हा अडीनडीची गोष्ट होते, रोजची राहत नाही.

काका : म्हणजे मी म्हणालो तेच झालं. दोन माणसं घेतली, दहा जणांची ओटी बंद. त्या दहा घरांना तू काय सांगणार?

आत्या : एक माणूस घे. महिन्याचे दोनशेच्या वर तास तो सेकंड शिफ्टला भरेल. ओटी निम्मी कर, दर दुप्पट कर. प्रत्येकाला ३६ च्या जागी १८ तास, दीडशेच्या दरानं. झाले २,७००. त्या दहा घरांत ओटीचे पैसे तेवढेच आले आणि महिन्याच्या नऊ संध्याकाळी परत आल्या. शिवाय अकराव्या घरात पगार गेला.

काका : आणि माझे वीस-एकवीस हजार गेले. नव्या माणसाचे.

आत्या : गेले. ते मी नाकारत नाही.

काका : एक माणूस दहा मशीनवर कसा चालेल तेही सांग. व्हीएमसीवाल्याला सीएनसी येतं असं नाही. सेटिंग करणारा वेगळा, नुसता लोडिंग-अनलोडिंग करणारा वेगळा.

आत्या : ते तुझं काम. मला मशीन कळत नाही, मस्टर कळतं.

इथे आत्या थोडी सुटली असं मला वाटतं. छोट्या वर्कशॉपमध्ये माणूस आणि मशीन यांची जुळणी खरोखरच अवघड असते, आणि कागदावरचे २०८ तास सगळे उपयोगी पडत नाहीत. पण काकांनी तेवढ्यावर न थांबता दुसरी तक्रार काढली.

काका : डबल ओटीचा एक तोटा तुला टाइम ऑफिसात दिसला असेलच. पोरं दिवसा रेंगाळतात. आठ तासांचं काम दहा तासांवर नेतात, कारण शेवटच्या दोन तासांना दुप्पट भाव आहे.

आत्या : दिसलाय. खोटं कशाला बोलू? आमच्याकडे एका खात्यात महिनोन्महिने हे चाललं होतं. मग ओटी स्लिप आली. कुठला पार्ट, किती नग, का थांबायचं, हे दुपारी तीनच्या आत लिहून खातेप्रमुखाची सही. सहीशिवाय पंच धरायचा नाही. रेंगाळणं दोन महिन्यांत संपलं. तू स्लिप ठेवतोस?

काका : तोंडी सांगतो.

आत्या : तोंडी सांगतोस आणि रोख देतोस. पावतीवर ती ओटी नाही, खात्यात जमा होत नाही. त्या पोरानं टू-व्हीलरसाठी बँकेत कर्ज मागितलं, तर त्याच्या उताऱ्यावर फक्त मूळ पगार दिसला. कर्ज नाकारलं. मग त्यानं फायनान्सवाल्याकडून जास्त व्याजानं घेतलं. त्याचा हप्ता जातो म्हणून भिशीचा हप्ता राहिला. मी तिथूनच त्या घरात पोचले होते.

काका : हे मला माहीत नव्हतं.

आत्या : मागच्या वर्षी ती महिन्याचा किराणा एकदम भरायची, पिंपरीच्या होलसेल दुकानातून. आता कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो, अर्धा किलो, उधारीच्या वहीवर. तीच तूरडाळ, पण किलोमागे चार पैसे जास्त देऊन. सासूची साखर तीन महिन्यांनी तपासायची, ती सहा महिन्यांवर गेली. आणि तो रविवारी झोपलेला असतो. पोरगी उठवायला गेली की ओरडतो. बायको म्हणाली, ‘आधी असा नव्हता.’ पगारवाढ मागायची तिला कल्पनाही नाही. तिचं म्हणणं एवढंच, की अठराचे नऊ झाले असते तर बरं झालं असतं.

रविवारचा उल्लेख आला म्हणून सांगते. आपल्याकडे गिरणी कामगारांना साप्ताहिक सुट्टी नव्हती, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशननं लढून १८९० मध्ये मिळवली. आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले ते १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते त्या काळात. हे दोन्ही निर्णय कामगाराच्या दिवसातला काही भाग मालकाच्या हाताबाहेर ठेवण्यासाठी होते. दुप्पट दर त्याच रांगेत बसतो. अडचण आली तर मालकानं त्या भागात यावं, पण दार उघडण्याची किंमत भरून यावं. एकेरी दरानं ते दार सताड उघडं राहतं, आणि आतल्या माणसाला ते लावून घेता येत नाही.

काका : कोविडमध्ये गुजरातनं तर कायद्यानंच सिंगल केलं होतं. बारा तास काम, जादा तासांना साधा दर. उद्योग वाचवायला सरकारही तेच करतं.

आत्या : आणि सर्वोच्च न्यायालयानं ते १ ऑक्टोबर २०२० ला रद्द केलं. नुसतं रद्द नाही, त्या काळात केलेल्या ओटीचे पैसे द्यायला लावले. न्यायमूर्ती चंद्रचूड, इंदू मल्होत्रा आणि के. एम. जोसेफ यांचा निकाल. महामारीतही चाललं नाही, तुझ्या शनिवारच्या शेड्यूलसाठी कसं चालेल?

काका : त्या निकालानं माझा दर वाढत नाही, अक्का. परचेसवाल्यासमोर मी ‘ओटी डबल’ म्हणून कोटेशन ठेवलं, तर तो पलीकडच्या गल्लीत जाईल. तिथे सिंगलच चालतं. जो नियम पाळेल त्यानं ऑर्डर घालवायची का?

याला आत्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही पूर्ण नाही. मी आत्याच्या बाजूची आहे, ते लपवत नाही. पण ज्या मोठ्या कंपन्या आपल्या गेटच्या आत डबल ओटी देतात, त्यांचाच पार्ट गेटबाहेर सिंगल ओटीवर बनतो आणि त्यांना तो स्वस्त मिळतो, ही गोष्ट काकांनी बोट ठेवून दाखवली. पुरवठादाराच्या कारखान्यात ओटी कशी दिली जाते हे तपासायची जबाबदारी त्यांच्यावर टाकली पाहिजे, आणि तपासणी गल्लीतल्या सगळ्या शेडांत झाली पाहिजे, एकाच्याच नाही. तोपर्यंत नियम पाळणाऱ्यालाच भुर्दंड पडतो, हे काकांचं म्हणणं खरं आहे. मात्र तोवर तो भुर्दंड त्या चार वर्षांच्या पोरीच्या आईनं भरावा, हे मला पटत नाही. सगळ्यांत कमी पैसा तिच्याकडे आहे.

आत्या : ऑर्डर जाईल की नाही ते उद्याचं. आज हातात आहे ते सांग. ओटी पावतीवर घेशील? खात्यात भरशील?

काका : भरीन. त्यात माझं काही जात नाही.

आत्या : स्लिप?

काका : तीही छापून घेतो. माझाच फायदा आहे.

आत्या : दर?

काका : नवीन पार्टचं कोटेशन पुढच्या आठवड्यात द्यायचंय. त्यात ओटी दीडशेनं धरून बघतो. मिळाली ऑर्डर, तर त्या पार्टपासून डबल.

आत्या : पार्टपार्टला वेगळा दर? एकच माणूस सोमवारी या पार्टवर दीडशेनं थांबणार आणि मंगळवारी त्या पार्टवर पंच्याहत्तरनं? मस्टर माणसाचं असतं, पार्टचं नसतं.

काका : मग एक तारखेपासून सगळ्यांना. पण तास निम्मे. आणि आधी एक माणूस मिळू दे मला, सेटिंग येणारा.

आत्या : मिळेल. आणि मागचं?

काका : मागचं काय?

आत्या : तुझी कच्ची वही आहे ना, रोख दिल्याची? तारीख, नाव, तास, सगळं त्यात आहे. नव्या वेतन संहितेत दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे.

काका : अक्का, तीन वर्षांचं एकदम काढलं तर एक मशीन विकावं लागेल.

आत्या : एकदम नको देऊ, हप्त्यानं दे. पण प्रत्येकाचा आकडा आधी त्याच्या हातात लिहून दे.

काका : एक तारखेचं मी कबूल केलं. मागचं अजून केलेलं नाही.